अकरा दिवस कमी भरलेलं वर्ष

ब्लांश व्होंद्राच्या जेवणाच्या टेबलावर १९२४ साल पसरलं होतं, आणि ते अकरा दिवस कमी भरत होतं.

तिनं तीनदा मोजलं. एकदा डावीकडून, एकदा उजवीकडून आणि एकदा चष्मा पुसून. एका ओळीत वीस ठिगळं, अशा अठरा ओळी, आणि एकोणिसाव्या ओळीत सहा. लीप वर्षाचे तीनशे सहासष्ट दिवस, दिवसाला एक ठिगळ. शाळा आठवीला सुटली होती तिची, पण वीस अठरे तीनशे साठ हे तिनं झोपेतसुद्धा सांगितलं असतं. अठरावी ओळ मात्र पंधरावरच थांबली होती, आणि एकोणिसावी तर नव्हतीच. तिथं नुसती नावाची पट्टी पडली होती, 'ऑलिव्ह क्रॉसिंग गोधडी मंडळ, शंभर वर्षं' असं भरलेली, मोजून चौदा ठिगळांएवढी. तिच्या डाव्या अंगाला डिसेंबरचे शेवटचे सहा दिवस येऊन बसायचे होते. त्यांचा पत्ता नव्हता, आणि वरच्या ओळीतले पाचही कुठं उलथले होते देव जाणे.

गोधडी हवामानाची होती. ज्या दिवशी जितकं ऊन, त्या रंगाचं ठिगळ. कडाक्याच्या थंडीला गर्द निळं, ऑगस्टच्या भट्टीला विटकरी, आणि मधल्या दिवसांना मधले बारा रंग. मंडळ निघालं त्या वर्षाचं ऊन आणि थंडी शंभराव्या वाढदिवशी हॉलच्या भिंतीवर टांगायची, असं ब्लांशनं जानेवारीतच जाहीर केलं होतं. जाहीर केलं म्हणजे कुणाला विचारलं नव्हतं. एकतीस वर्षं अध्यक्ष असलेली बाई विचारत नसते. समारंभ सप्टेंबरच्या दुसऱ्या शनिवारी होता, आणि आता ऑगस्ट अर्धा सरला होता.

एकतीस वर्षांत ब्लांशनं स्वतःचं शिवलेलं कधी उसवलं नव्हतं. उसवायचं ते इतरांनी. सुताएवढा कोपरा हुकला तरी ती गोधडी परत करायची, वर म्हणायची, "नीट कर हं, नाहीतर कुत्र्याला घाल." निम्म्या गावाची कुत्री तिच्या कृपेनं उबेत झोपत होती. आणि आता तिचीच गोधडी, तीही शंभरीची, अकरा दिवस कमी. लोक काय म्हणतील याची तिला भीती नव्हती. ते काय म्हणतील हे तिला पाठ होतं, कारण ते सगळं तिनंच त्यांना शिकवलं होतं.

चूक कुणाची, यावर तिनं फार वेळ घालवला नाही. चूक जावयाची होती.

डेस्मंड प्रुइट, तिच्या मार्सेलाचा नवरा, लिंकनला विद्यापीठात संख्याशास्त्र शिकवायचा. आकड्यांची चित्रं काढणारं संगणकाचं एक पॅकेज त्यानं लिहिलं होतं. फुकटातलं, कुणीही घ्यावं, कुणीही आत डोकावावं, जमल्यास दुरुस्त करावं, असं. वर्षभराच्या नोंदी दिल्या की ते दिवसाला एक चौकोन अशी रंगीत जाळी काढून द्यायचं. नावही 'डेपॅच' ठेवलं होतं, सासूच्या ठिगळांवरून. त्या नावामुळे ब्लांशनं त्याला पहिली दोन वर्षं बरंच काही माफ केलं होतं.

जुना हवामान निरीक्षक झेलेंका, त्याची १९२४ ची वही धान्याच्या कोठाराच्या ऑफिसात मिळाली. मार्सेलानं ती टंकून दिली. पुढचं ब्लांशनं स्वतः केलं, कारण जावयाला काहीही विचारलं की तो एकच म्हणायचा, "मदतपानात सगळं लिहिलंय." म्हणून तिनं पॅकेजसोबतचं ते मदतपान उघडलं, ओळीवर बोट ठेवत वाचलं, लिहिलं होतं तसं टाईप केलं, आणि जाळी लायब्ररीत छापून आणली. सहा कागद चिकटवून ती भिंतीएवढी झाली. तारखा कुठंच नव्हत्या, नुसते रंगांचे आकडे. जन्मात पहिल्यांदा तिनं चौकोन मोजले नाहीत. जावयाचं काम आहे, मोजलं तर बरं दिसत नाही, असं तिला वाटलं. चांगुलपणा केला की असं होतं.

रविवारी चर्च सुटल्यावर मुलगी-जावई जेवायला आले. डुकराचा रोस्ट होता, डंपलिंग होते, आंबवलेली कोबी होती आणि खसखस भरलेले कोलाचे नावाचे गोड पाव होते. ब्लांशनं त्याचं दुसरं ताट संपेपर्यंत वाट पाहिली. भरल्या पोटी माणूस पळत नाही.

"डेस्मंड, माझे अकरा दिवस कुठायत?"

त्यानं घास गिळला. "कुठले अकरा?"

"ते मला माहीत असतं तर तुला जेवायला कशाला बोलावलं असतं?"

"आई!" मार्सेला म्हणाली.

"तू कोबी वाढ."

डेस्मंडनं बाजूच्या खोलीत जाऊन गोधडी पाहिली, झेलेंकाची वही पाहिली आणि परत आला तो चेहरा उजळून. दुसऱ्याच्या पोटात दुर्मिळ रोग सापडल्यावर डॉक्टरचा उजळतो तसा.

"सापडलं! वहीत बारा ते बावीस फेब्रुवारी कोरं आहे. अकरा दिवस. पॅकेज कोऱ्या नोंदी गाळून टाकतं, आणि मग पुढचे दिवस मागं सरकतात."

"गाळ म्हणून सांगितलं कुणी त्याला?"

"सांगावं लागत नाही. काही सांगितलं नाही तर ते तेच करतं."

"अस्सं. म्हणजे माझ्या गोधडीत बारा मार्चचं ऊन एक मार्चला पडलंय, आणि सबंध वर्ष असंच घसरत घसरत वीस डिसेंबरला संपलंय. नाताळसुद्धा वर चढून बसलाय. हे तू आत्ता सांगतोयस."

"पण ब्लांश, हे मदतपानात लिहिलंय."

"दाखव."

डेस्मंडनं लॅपटॉप आणला, भांडी बाजूला सारली आणि पान उघडलं. पानावर 'कोऱ्या नोंदी' असा शब्द होता. त्याच्यापुढं लिहिलं होतं, 'मूळ पान पाहा.' त्यानं मूळ पान उघडलं. मूळ पानावर होती तीन टिंबं, आणि पुढं, 'इतर गोष्टी. पुढच्या कामाकडे पाठवल्या जातात.' पुढच्या कामाचं पान उघडलं. त्यात तळाला 'हेही पाहा' असं होतं, आणि त्याखाली पहिल्या पानाचं नाव.

"फिरून फिरून भोपळे चौकात," ब्लांश म्हणाली.

"थांबा, थांबा. मी लिहिलंय, मला आठवतंय."

तो शोधत राहिला. मार्सेलानं भांडी घासली, पुसली, फडताळात लावली. कोलाचे संपले. शेवटी ते वाक्य सापडलं, पण मदतपानात नाही. कुठल्या आवृत्तीत काय बदललं याची एक यादी असते, जी लिहिणारा सोडून कुणी वाचत नाही; तिच्यात, अकरा वर्षांपूर्वीच्या एका ओळीत. त्यानं ती मनातल्या मनात वाचली.

"मोठ्यानं वाच की."

"'कोऱ्या नोंदी आता गुपचूप गाळल्या जातात.'"

"गुपचूप," ब्लांश म्हणाली. "बरोबर शब्द. खोटं लिहिलं नाहीस, एवढं मानलं पाहिजे. आणि हे खाली 'उदाहरण' आहे, ते करून बघितलं असतं तर कळलं असतं का मला?"

डेस्मंडनं कान खाजवला. उदाहरणाच्या डोक्यावर लिहिलं होतं, 'चालवू नये.'

गोष्ट अशी होती की अशी पॅकेजं एका सामायिक भांडारात ठेवलेली असतात, आणि त्यातली उदाहरणं तिथलं यंत्र आपणहून चालवून बघतं. नऊ वर्षांपूर्वी एका उदाहरणाला फार वेळ लागतो म्हणून यंत्रानं कुरकुर केली. डेस्मंडला त्या दिवशी पेपर तपासायचे होते. त्यानं त्या एकाच नव्हे, सगळ्याच उदाहरणांवर 'चालवू नये' अशी पाटी लावली. यंत्र खूश झालं. तेव्हापासून ती उदाहरणं यंत्रानंही चालवली नव्हती आणि त्यानंही.

"म्हणजे नऊ वर्षं जगाला वाढतोयस, आणि चाखून कुणीच बघितलं नाही?"

"तसं तांत्रिकदृष्ट्या—"

"तांत्रिकदृष्ट्या तू बुधवारी दोन वाजता हॉलवर येणारेस."

"त्याला दर आठवड्याला कुणा ना कुणाचं पत्र येतं, आई," मार्सेलानं स्वयंपाकघरातून आगीत तेल ओतलं. "ब्राझीलहून, कोरियाहून. सगळ्यांना हा एकच उत्तर देतो, मदतपान वाचा."

"तू कुणाच्या बाजूनं आहेस?" डेस्मंडनं विचारलं.

"ब्राझीलच्या."

आमच्या मंडळाची एक जुनी रीत आहे. कुणी नवा नमुना काढला, त्याचं पत्रक लिहिलं, की ते छापण्याआधी तीन बायका ते वाचून शिवून बघतात. त्या तिघींनी तो नमुना आधी पाहिलेला नसावा लागतो. जिनं पत्रक लिहिलं तिनं समोर खिडकीजवळच्या खुर्चीत बसायचं, आणि तोंडात, दातांमध्ये, एक बटण धरायचं. शिवणाऱ्या अडल्या, चुकल्या, भलत्याच जागी कात्री घातली, तरी तिनं बोलायचं नाही. बोलली की बटण पडतं. आणि बटण जिथं पडलं तिथं पत्रक कमी पडलं, एवढा साधा हिशोब. कारण गिऱ्हाइकाच्या घरी पत्रक जातं, लिहिणारी जात नाही. काचेची एक बरणी भरून बटणं त्याचसाठी ठेवलेली असतात. चांगल्या चांगल्या बायका त्या खुर्चीत रडल्या आहेत.

बुधवारी ब्लांशनं तिघी निवडल्या. आर्डिथ नेमेत्स, जिची ब्लांशशी शाळेच्या बाकापासूनची मैत्री, म्हणजे भांडण. ट्वायला ह्रुस्का, बरणीची मालकीण. नियमाला इतकी पक्की की स्वतःच्या नवऱ्यालाही रांगेत उभं करायची. आणि इत्सेल बारेरा, शाळेच्या कँटीनमध्ये स्वयंपाक करणारी, चार महिन्यांपूर्वी मंडळात आलेली. तिला अजून कुणाला घाबरायचं ते कळलं नव्हतं.

गोधडीचं ब्लांशनं अवाक्षर काढलं नाही. "जावयाचं भलं व्हावं म्हणून बोलावलंय," म्हणाली. "बिचाऱ्याला लिहिता येत नाही." गोधडी होती पिशवीत, टेबलाखाली, तिच्या दोन्ही पायांच्या मध्ये. ताकाला जायचं आणि भांडं लपवायचं, तशातली गत.

डेस्मंड खुर्चीत बसला. सहा फूट तीन इंच उंच प्राध्यापक, दातात निळं बटण. इत्सेलनं मोठ्यानं वाचायचं, आर्डिथनं कळा दाबायच्या, ट्वायलानं बटणं मोजायची, असं ठरलं.

"'डेटा,'" इत्सेलनं वाचलं. "पुढं लिहिलंय, 'डेटा.'"

"'मीठ: मीठ,'" आर्डिथ म्हणाली. "पुढं?"

"'दिशा. रंगांची दिशा. एक किंवा वजा एक.'"

"एक म्हणजे कुठली गं? दफनभूमीकडची की कोठाराकडची?"

"माहीत नाही. एवढंच आहे."

"मग मी वजा एक देते. मला वजा आवडतं. लग्नापासून."

तिनं दिलं, आणि पडद्यावर जानेवारी तांबडालाल झाला, जुलै गोठला. डेस्मंड खुर्चीतून अर्धा उठला. "नाही नाही, एक म्हणजे थंडीला गडद—"

टक्. बटण फरशीवर.

"एक!" ट्वायला म्हणाली, आणि त्याला दुसरं दिलं, पिवळं. "दिशा या ओळीला. लिहून घ्या, प्रोफेसर. वही आणली नाही? शाळेत असंच जाता?"

इत्सेल उदाहरणापाशी आली आणि तिनं कळफलकावर टेकलेला हात चुलीवरून काढावा तसा झटकन मागं घेतला. "सेन्योरा, इथं लिहिलंय चालवू नये."

"मग दिलंय कशाला?"

"शोभेला असेल," ब्लांश म्हणाली. "माझ्या सासूचा चिनीमातीचा सेट होता तसा."

आर्डिथनं ते चालवलंच. ती कधीच कुणाचं ऐकत नाही. पडद्यावर तांबड्या अक्षरांत उत्तर आलं, असलं काही अस्तित्वातच नाही. त्या उदाहरणात जे काम सांगितलं होतं ते डेस्मंडनंच सहा वर्षांपूर्वी काढून टाकलं होतं.

"हे असं व्हायलाच नको!" डेस्मंड ओरडला. टक्.

"दोन."

तिसरं बटण तीन टिंबांपाशी पडलं. चौथं 'हेही पाहा'च्या चक्करीत, कारण इत्सेल खरोखरच पाहत गेली. एका पानावरून दुसऱ्यावर, दुसऱ्यावरून तिसऱ्यावर, आणि पुन्हा पहिल्यावर, तीन वेळा, अत्यंत श्रद्धेनं. त्या बाईनं कँटीनमध्ये चारशे पोरांचं जेवण पत्रक वाचून रांधलं आहे. पत्रकात असेल ते ती करते, नसेल ते करत नाही.

तोवर डेस्मंडमध्ये काहीतरी बदललं होतं. आधी त्याला बोलायचं असायचं ते 'तुम्ही चुकताय' असं. आता तो पुढं वाकून इत्सेलच्या बोटाकडे बघत होता, ट्वायलाकडून मागून घेतलेल्या कागदावर भराभरा लिहीत होता, आणि पाचवं बटण पडलं तेव्हा तो बोललाच नव्हता, हसला होता. आर्डिथ 'मदत' या शब्दावर बोट ठेवून म्हणाली होती, "याच्याखाली कुणाचा फोन नंबर असायला हवा."

"हसलेलंही धरतात," ट्वायला म्हणाली. "पाच."

ब्लांश समाधानानं खुर्चीत रेलली. जावयाची पाच बटणं पडली, चूक सिद्ध झाली, आता घरी जाऊन गोधडीचं काय ते गुपचूप बघू, असा तिचा विचार. तेवढ्यात इत्सेलनं अगदी सरळ विचारलं, "सेन्योरा ब्लांश, तुम्हीपण बसला होता का त्या खुर्चीत?"

ब्लांशनं रेललेली पाठ सरळ केली.

"कशासाठी?" ब्लांश म्हणाली.

"तुमचं ते 'माळावरचं चाक' आहे ना, सोळा पाकळ्यांचं? मी पत्रकावरून करतेय. तीनदा केलं. साचा ठेवते, कडेनं पाव इंच शिवणीला सोडते, सगळं बरोबर. पण चाक सपाट बसतच नाही. घागऱ्यासारखं फुलतं. मग आर्डिथ कानात म्हणाली, पाव इंच सोडू नको."

ब्लांशनं सावकाश मान वळवली. आर्डिथ छताकडे बघत होती. छतात बघण्यासारखं काही नव्हतं.

"साच्यातच शिवण धरलेली आहे," ब्लांश म्हणाली. "पुन्हा कशाला सोडायची? सोळा ठिकाणी दुप्पट होणार, फुलणारच. हे कुणालाही कळतं."

"पत्रकात नाही लिहिलेलं," इत्सेल म्हणाली.

"नाही कसं?"

"नाही लिहिलंस," आर्डिथ म्हणाली. आता बांध फुटलाच होता. "एकतीस वर्षं नाही लिहिलंस. अध्यक्ष झालीस त्या वर्षीचं पत्रक ते. तुला खुर्चीत बसवणार कोण? तपासायचं राहिलं ते राहिलंच. नवी बाई आली की आम्ही तिला कोपऱ्यात घेऊन कानात सांगतो. ट्वायलाला मी सांगितलं, मला मिल्ड्रेडनं सांगितलं, देव तिच्या आत्म्याला शांती देवो."

"आणि मला कुणी सांगितलं नाही?"

"तुला?" आर्डिथ हसली. "तुला सांगायचं आणि वर कुत्र्याला गोधडी घालायची?"

डेस्मंडच्या तोंडात सहावं बटण होतं. ते त्यानं असं घट्ट धरलं होतं की जबडा दुखला असेल. माझ्या मते आयुष्यात त्यानं केलेलं सगळ्यात शहाणपणाचं काम तेच.

ब्लांशला राग आला होता हे खरं, पण राग धरायला जागा सापडेना. जावयाला म्हणावं तर तो आपल्यासारखाच निघाला. ज्याच्या हाताला ठाऊक असतं त्याला लिहायचं सुचत नाही. हात लिहीत नाहीत. आणि कानात सांगणाऱ्या असल्या तर पत्रक तीस वर्षं तसंच राहतं. डेस्मंडच्या ब्राझीलवाल्याला कानात सांगायला आर्डिथ नव्हती, एवढाच काय तो फरक.

मग तिनं टेबलाखालून पिशवी ओढली, आणि चोवीस साल त्या तिघींच्या पुढ्यात टाकलं.

"अकरा दिवस कमी आहे," ती म्हणाली. "मोजलं नाही मी. आता हसा काय हसायचं ते, लवकर आटपा, काम आहे."

कुणी हसलं नाही. त्यानं तर तिचा जीव आणखीच कानकोंडा झाला. ट्वायलानं गोधडी पालथी करून शिवण बघितली. "एक ठिगळ इकडचं तिकडं नाही," ती हळूच म्हणाली. "वर्षच चुकलंय फक्त."

"फेब्रुवारीपासून पुढची सगळी उसवायची म्हणजे तीनशेच्या वर झाली," आर्डिथ म्हणाली. "दुसऱ्या शनिवारपर्यंत? मेलो."

पण ब्लांशचं डोकं अशा वेळीच चालतं. ती वाकली, तिसऱ्या ओळीवर बोट ठेवलं, मग चौथीवर, आणि पुटपुटत खाली गेली. मग ताठ झाली. "सगळी कशाला? तिसऱ्या ओळीत दोन ठिगळांनंतर अकरा कोरी घालायची. मग त्या ओळीतली शेवटची अकरा जास्त झाली, ती तशीच्या तशी, सलग, चौथीच्या डोक्यावर. चौथीची शेवटची अकरा पाचवीच्या डोक्यावर. एका ओळीत एकच जागा उसवायची. अठरावीत पंधरा आहेत, वरून अकरा आली, सव्वीस झाली, सहा उतरली खाली." तिनं नावाच्या पट्टीवर थाप मारली. "इथं."

डेस्मंडचं बटण पडलं. "हे सुंदर आहे," तो म्हणाला. "मला पॅकेजमध्ये हे करायला चाळीस ओळी लागतील."

"म्हणून तुला फुकट द्यावं लागतं," ब्लांश म्हणाली.

"पण कोऱ्या ठिगळांना रंग कुठला?" इत्सेलनं विचारलं. "ऊन माहीत नाही तर."

"राखाडी," डेस्मंड म्हणाला. "आमच्यात राखाडी देतात. म्हणजे, द्यायला हवा."

"झेलेंकाला अकरा दिवस झालं काय होतं पण?" ट्वायला म्हणाली. "माणूस तर असा की चर्च चुकवील, थर्मामीटर चुकवायचा नाही."

आर्डिथनं वहीची ती पानं आपल्याकडे ओढून घेतली होती. आता ती एकदम गुलाबी झाली. ती माहेरची झेलेंका. "बारा फेब्रुवारी चोवीस," ती म्हणाली. "माझा बाप जन्मला त्या दिवशी. आडवा आला होता, आजी जाते की राहते अशी. आजोबा तिच्या उशाशी बसून होते म्हणतात, आठ-दहा दिवस."

ब्लांशनं तिच्याकडे बघितलं. "म्हणजे माझे अकरा दिवस तुझ्या बापानं खाल्ले."

"खाल्ले."

"तुमचं घराणंच खादाड."

आर्डिथ इतकी हसली की ट्वायलानं सवयीनं बरणीकडे हात नेला.

दुसऱ्या दिवशी आर्डिथनं बापाचा एक जुना राखाडी फ्लॅनेलचा शर्ट आणला. ब्लांश म्हणाली, "कोपर झिजलंय, आणि तंबाखूचा वास येतोय." आणि पाठीचा भाग निवडून अकरा ठिगळं मापात कापली. पुढचे तीन आठवडे रोज दुपारी हॉलवर उसवणं चाललं. मंडळातल्या एकूण एक बायका येऊन गेल्या, कारण ब्लांश व्होंद्रा उसवतेय हे बघायला मिळणं म्हणजे धूमकेतू दिसण्यासारखं. तिनंही कुणाला अडवलं नाही. "बघा, नीट बघा," म्हणायची. "उसवायची पण पद्धत असते. तुम्ही इतकी वर्षं चुकीची उसवत होता."

सप्टेंबरच्या दुसऱ्या शनिवारी चोवीस साल भिंतीवर टांगलं गेलं, पहिल्या जानेवारीपासून एकतीस डिसेंबरपर्यंत, तीनशे सहासष्ट. लोक विटकरी जुलै बघायचे, निळा डिसेंबर बघायचे, आणि सगळ्यांचं बोट शेवटी त्या राखाडी तुकड्यांवर जायचं, हे काय म्हणून. आर्डिथ दिवसभर तिथून हलली नाही. बापाच्या जन्माची गोष्ट तिनं इतक्यांदा सांगितली की संध्याकाळपर्यंत तिच्या आजीची प्रकृती बरीच जास्त बिघडली होती.

डेस्मंडनं नवी आवृत्ती त्याच आठवड्यात भांडारात ठेवली. आता उदाहरणं चालतात. 'एक' म्हणजे कुठली दिशा ते लिहिलंय. कोऱ्या नोंदी आता गाळल्या जात नाहीत, त्यांच्या जागी राखाडी चौकोन येतो, आणि त्याखालचं वाक्य ब्लांशनं सांगितलं, त्यानं कानामात्रा न बदलता उतरवून घेतलं: 'ज्या दिवसाची नोंद नाही, तो दिवसही झालेला असतो. त्याची जागा सोडा.' तळाला मदत करणाऱ्यांच्या यादीत चार नावं घातली. कोरियाहून पत्र आलं, फार छान पान आहे म्हणून. ब्लांशनं ते मार्सेलाकडून दोनदा वाचून घेतलं आणि म्हणाली, "उशिरा का होईना, कळलं त्यांना."

राहता राहिलं चाक. ऑक्टोबरच्या पहिल्या बुधवारी ब्लांशनं पत्रक नव्यानं लिहून आणलं, दोन्ही अंगांनी भरगच्च, आणि कुणी काही म्हणायच्या आत खिडकीजवळच्या खुर्चीत जाऊन बसली. डेस्मंड मुद्दाम लिंकनहून गाडी हाकत आला होता, पहिल्या रांगेत बसला होता, मांडीवर बरणी घेऊन. तिनं हात पुढं केला. त्यानं बरणीत बराच वेळ शोधून एक मोठं, कोटाचं, काळं बटण काढलं आणि अदबीनं दिलं.

ब्लांशनं ते दातात धरलं, आणि राणीसारखी मान हलवली, करा सुरू म्हणून.

इत्सेलनं पत्रक उचललं. "'पहिलं. कापड धुऊन, वाळवून, इस्त्री करून घ्या.'" ती थांबली. तिनं पत्रक उलटून मागं पाहिलं, पुन्हा पुढं पाहिलं. "कुठलं कापड? किती?"

टक्.